शेजारची सीट

९ फेब्रुवारी, रविवार

ही वही गाड्यांच्या नोंदींसाठी काढली आहे. यात दुसरं काही लिहायचं नाही.

उद्देश: आमची पांढरी गाडी आणि साडूंची करडी गाडी मुळात एकच आहेत, हे मापांनिशी दाखवणे. एकाच मालकाच्या दोन कंपन्या. खालचा सांगाडा एक, इंजिन एक, गिअर एक, दारांचा पत्रासुद्धा बहुतेक एकच. नाव वेगळं, पुढची जाळी वेगळी, दिवे जरा तिरके. त्यांची महाग. कशासाठी महाग, हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही.

ही जाऊन आज तीन महिने अकरा दिवस झाले. हिच्या बहिणीने जेवायला बोलावलं होतं म्हणून गेलो. पन्नाशीला आली तरी तिला सगळे धाकटीच म्हणतात. जेवणानंतर साडूंनी दुकानातल्या दोन मित्रांना गाडी दाखवायला अंगणात नेलं. साडूंचं फरशांचं दुकान आहे, त्यामुळे त्यांना माल दाखवायची सवय. माझी गाडी शेजारीच उभी होती. एक मित्र म्हणाला, "दोन्ही सारख्याच दिसतात की."

"दिसतात," साडू म्हणाले. "बसून बघा, मग कळेल."

सगळे हसले. साडू पुढे म्हणाले, "आमच्या साडूंना विचारू नका हां. ते मापं घेणारे. ते म्हणतील एकच आहे. अहो, पण मापात न बसणारं काहीतरी असतंच ना?"

मला अशा वेळी उत्तर सुचत नाही, घरी आल्यावर सुचतं. आज घरी आल्यावरही सुचलं नाही. तेव्हा मोजावंच, असं ठरवलं.

१० फेब्रुवारी

खरं कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको.

चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं गाडी बघायला गेलो. दोन्ही कंपन्यांची दुकानं एकाच रस्त्यावर. आधी करडी बघितली. ही आत बसली, समोरच्या फळीवरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "छान आहे हे." मी तिला सांगितलं की पलीकडच्या दुकानात हीच गाडी आहे, फक्त नाव वेगळं. मी सगळं वाचून गेलो होतो. ती "बरं" म्हणाली आणि उतरली. आम्ही पांढरी घेतली. महिन्याभरात साडूंनी करडी घेतली.

ते बरं कसलं होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही. गाड्या एकच असतील तर तिचं काही गेलं नाही. नसतील, तर मी तिला कमीचं दिलं. मोजायचं कारण एवढंच आहे. साडूंचा हेवा वगैरे यात काही नाही.

१२ फेब्रुवारी

कारखान्यात मी मापनखोली सांभाळतो. तिथे एक नियम आहे. एकच वस्तू दोघांनी मोजायची, दुसऱ्याचा आकडा न बघता. कारण आकडा आधी कळला की माणसाला तोच दिसायला लागतो. तीस वर्षं मी हे नवीन आलेल्यांना सांगतो आहे.

या कामाला दुसरा माणूस नाही. मीच प्रत्येक माप तीनदा घेईन.

१४ फेब्रुवारी

नोंद नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

ही गेली त्या दिवशी सगळे धाकटीभोवती होते. ती मोठ्याने रडत होती, बायका तिला धरत होत्या, साडू पाण्याचा पेला घेऊन उभे होते. माझ्याकडे लोक कागदपत्रांचं विचारायला येत होते. मला माहीत होतं, म्हणून मी सांगत होतो. नंतर कोणीतरी म्हणालं, "ह्यांनी फार धीराने घेतलं." धाकटीला कोणी तसं म्हणालं नाही. तिला जवळ घेतलं.

लोक म्हणतात, धाकटी अगदी हिच्यासारखी दिसते. मला तसं वाटत नाही. कपाळ आणि चालणं सोडलं तर.

१६ फेब्रुवारी, रविवार

साडूंकडे गेलो. म्हटलं, माझ्या गाडीत डाव्या बाजूने आवाज येतो, तुमच्यातही येतो का ते बघायचं आहे. आवाज येत नाही. पण मापं घ्यायची आहेत असं कसं सांगणार?

साडू म्हणाले, "घेऊन जा की. बघता काय, आठवडाभर ठेवा. मी तुमची चालवतो. आपल्यात काय आलंय साडू, बायको सोडून काहीही मागा."

बोलून गेले आणि त्यांनी मागे बघितलं. धाकटी कपांचा ट्रे घेऊन उभी होती. तो तिने तसाच टेबलावर ठेवला आणि आत गेली.

"तसं नव्हतं म्हणायचं मला," साडू म्हणाले.

"कळलं. किल्ली कुठे आहे?"

फाटकातून बाहेर पडताना आरशात दिसलं. धाकटी बाहेर आली होती. साडू हातवारे करून तिला काहीतरी समजावत होते आणि ती त्यांच्या कॉलरवरचं काहीतरी झटकत होती. काय होतं ते दिसलं नाही. बहुतेक काही नसावं.

१८ फेब्रुवारी

रजा टाकून दिवसभर मोजलं. माझ्या गाडीची मापं आधीच घेऊन ठेवली होती.

दारामधल्या फटी: त्यांच्या ४.१ मिलिमीटर, आमच्या ४.२. फरक धरण्यासारखा नाही. काचेची जाडी सारखी. गिअरची मूठ सारखी, फक्त त्यांच्यावर चामडं. दाराच्या आतल्या कडीचा स्क्रू काढून बघितलं तर मागे दोन्ही कंपन्यांची चिन्हं एकाच साच्यात ओतलेली. माझ्या कडीमागेही तीच दोन, त्याच क्रमाने. हे बघून मला एवढा आनंद झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं.

नोंद क्र. १४. शेजारची सीट: रुळावर पुढून नववी खाच, पाठ चौथ्या खाचेवर. आमच्या गाडीतही नववी आणि चौथीच. म्हणजे कारखान्यातून अशीच लावून येत असणार. सारखी.

एकूण सोळा नोंदी, सोळा सारख्या. साडूंना एक दिवस शांतपणे वाचून दाखवीन.

२० फेब्रुवारी

मुलीचा फोन आला. ती नोकरीसाठी लांब असते. एरवी रविवारी करते, आज गुरुवारी केला म्हणून दचकलो.

"बाबा, तुम्ही मावशीची गाडी आणलीत म्हणे."

"तुला कोणी सांगितलं?"

"मावशीने. सकाळी बोललो ना आम्ही."

"तू तिला रोज फोन करतेस?"

"हो. म्हणजे जवळजवळ रोज."

"मला रविवारी करतेस."

मग म्हणाली, "बाबा, मावशी रडते तरी. मग मलाही रडता येतं. तुम्ही टायरमधली हवा सांगता."

मी म्हटलं, हवा तपासावीच लागते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज करडीत शेजारच्या सीटवर बसून बघितलं. मी नेहमी चालवणारा, त्यामुळे कुठल्याच गाडीत त्या बाजूला बसायची वेळ येत नाही. पट्ट्याची लांबी मोजायची होती. सीटच्या कडेला खाली हात गेला तर एक गोल चकती लागली. फिरवली. पाठीचा खालचा भाग हळूहळू फुगून कमरेला टेकला. मागून कोणीतरी हात ठेवावा तसा. उलटी फिरवली, आत गेला. परत फिरवली.

ही चकती आमच्या गाडीत नाही. असती तर मला माहीत असतं.

हिचं दुखणं मणक्यापर्यंत गेल्यावर आम्ही उपचारांसाठी त्याच गाडीतून जात होतो. जायला दीड तास, यायला दीड तास. एकतीस फेऱ्या. कमरेमागे आधार लागायचा म्हणून ती निळ्या टॉवेलची गुंडाळी करून ठेवायची. वळण आलं की गुंडाळी सरकायची. ती पुढे वाकून, एक हात मागे नेऊन ती परत जागेवर आणायची. मी म्हणायचो, "हळू घेऊ का?" ती म्हणायची, "नको, चाललंय ते ठीक आहे."

त्या चकतीची आज नोंद केलेली नाही. क्रमांकही दिलेला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

गाड्या परत केल्या. साडू म्हणाले, "तुमची छान चालते हो. आवाजबिवाज काही नाही आला." मी म्हटलं, तुमच्यातही नाही आला.

घरी येऊन आधी खाली वाकून बघितलं. जिथे त्यांच्या सीटला चकती आहे, बरोबर तिथेच आमच्या सीटला एक काळं गोल बूच आहे. चार वर्षं मी ते शोभेचं समजत होतो. नखाने उचकटलं. मागे भोक, आणि आत चकतीचा दांडा बसेल अशी तयार खोबण.

जागा केलेली होती. वस्तू तेवढी घातली नव्हती.

दुसरं म्हणजे, निळा टॉवेल सीटवर नाही. ही गेल्यापासून मी तो हलवला नव्हता. मागे बघितलं, डिकीत बघितलं. साडूंना फोन करून विचारलं, गाडीत माझं काही राहिलं होतं का. ते म्हणाले, तुमच्या गाडीतलं तुमच्या गाडीतच असणार ना. बरोबर आहे.

२५ फेब्रुवारी

मेकॅनिककडे गेलो. दोन्ही कंपन्यांच्या गाड्या करतो, साडूही त्याच्याकडेच येतात. बूच दाखवलं.

"कमरेचा आधार? त्यांच्या यादीतून मागवला की बसतो साहेब. बरेच जण घालून घेतात."

"किती वेळ लागतो?"

"अर्धा तास. त्यांची आख्खी सीटसुद्धा बसते. चार बोल्टचं काम. डोळे झाकून बसवीन." मग त्याने विचारलं, "कोणाच्या पाठीसाठी हवंय?"

"माझ्या."

"मग या बाजूला कशाला? तुम्ही तर तिकडे बसता."

मी विषय बदलला. विचारलं, कारखान्यातून सीट नवव्या खाचेवर लावून येते ना? तो हसला. "नाही हो. पार मागे ढकललेली येते. खाच ज्याची त्याने लावायची."

नोंद क्र. १४ रद्द. राहिल्या पंधरा. दोन्ही गाड्यांत खाच एकच कशी, ते पुन्हा तपासायला हवं.

२ मार्च, रविवार

आज सकाळी धाकटी आली. एकटीच, बसने. हातात कापडी पिशवी. मी चहा ठेवला. तिने कपाट न शोधता साखरेचा डबा काढला. हिनेच लावलेलं घर आहे, तिला ठाऊक असणारच. तरी मला ते आवडलं नाही.

"भाऊजी, टॉवेल मी नेला. विचारलं नाही तुम्हाला."

"राहू दे."

"राहू दे काय? तीन वेळा फोन केलात ह्यांना, काही राहिलंय का म्हणून. सरळ मला विचारायचं ना."

मी चहा गाळला.

"त्याला अजून ताईच्या तेलाचा वास आहे," ती म्हणाली. "धुतलेला नाही मी. परत आणलाय, हा घ्या." पिशवी माझ्याकडे सरकवली, पण बंद तिच्याच बोटांत होते. "पण मला दुसरं एक हवंय. ती सीट द्या."

"कुठली?"

"ताईची. आठवडाभर मी तिच्यावर बसले. ह्यांना म्हणत होते, लांबून घ्या, अजून लांबून घ्या. बाजारात उतरलेसुद्धा नाही. सरकवायला लागली नाही मला ती, बसले की बसलेच. तुम्हाला काय, तुम्ही चालवता, तुम्ही तिच्यावर बसतसुद्धा नाही. आमची घ्या त्याबदल्यात. नव्यासारखी आहे. तुम्हीच ना नेहमी सांगता, ह्याचं त्याला बसतं म्हणून."

"नाही बसणार," मी म्हणालो.

"का?"

"बोल्टच्या जागेत फरक आहे. सहा मिलिमीटर."

तिने ऐकून घेतलं. पुन्हा विचारलं नाही. माझा आकडा लोक तपासत नाहीत. ती पिशवी तिथेच ठेवून उठली, दारापर्यंत गेली, मग मागे येऊन पिशवी परत उचलली. "मग हा असू दे माझ्याकडे," म्हणाली. मी हो म्हटलं.

जाताना गाडीच्या काचेतून तिने आत बघितलं. मग बसथांब्याकडे चालत गेली. ऊन चढलेलं होतं. मी सोडतो म्हणालो नाही. सोडायला गेलो असतो तर ती त्या सीटवर बसली असती.

तीस वर्षांत माझ्या हातून खोटा आकडा गेला नव्हता.

९ मार्च, रविवार

फरशा निवडायच्या होत्या, मोरीच्या, म्हणून साडूंच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं बसली होती. मला बघताच साडू उठले.

"या, या. हे बघा, हेच ते. चार वर्षं मला सांगत होते, दोन्ही गाड्या एकच, तुम्ही नावाचे पैसे मोजलेत. आणि परवा स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. सहा मिलिमीटरचा फरक. सहा! बोल्टच बसत नाही. मग वरचं सगळं वेगळं असणारच की. काय साडू, खरं ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पंधरा नोंदींची ही वही माझ्या पिशवीत होती.

"खरं," मी म्हणालो.

साडूंनी मला चहा मागवला. फरशा न बघताच परत आलो.

१४ मार्च

कामावर एक माप चार वेळा घेतलं. पूर्वी चौथ्यांदा घेत नसे.

२१ मार्च, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत पहारेकऱ्याचा निरोप आला, फाटकावर कोणी भेटायला आलं आहे. साडू. असे ते कधी आले नव्हते. नेहमीचा मोठा आवाज नव्हता. आम्ही भिंतीच्या सावलीत उभे राहिलो.

"साडू, सहा मिलिमीटर म्हणजे किती हो?" त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. "एवढं?"

"त्याहून थोडं कमी."

"गाडी टाकली होती काल मेकॅनिककडे. त्याला मी तुमचं सांगायला गेलो, जरा शान मारायला. तो हसायलाच लागला."

मी बोटांतला मापाचा पोलादी ठोकळा खिशात टाकला. हातात घेऊनच आलो होतो.

"तिला सांगितलेलं नाही मी," साडू म्हणाले. "आणि सांगणार पण नाही. ठेवा तुमच्याकडे सीट. माझी बायको गेली असती ना, तर मीही कोणाला हात लावू दिला नसता. सहा काय, सहा फूट सांगितले असते."

मग ते पायाने मातीत रेघ ओढत राहिले. "फक्त एक झालंय. ती हल्ली माझ्या गाडीत पुढे बसत नाही. मागे बसते. त्या दिवसापासून. दार उघडते आणि मागे जाऊन बसते. मी पुढे एकटा, भाड्याच्या ड्रायव्हरसारखा. शेजारी रिकामं. सिग्नलला लोक बघतात. तुम्ही कसं चालवता हो असं?"

मी म्हटलं, सवय होते.

ते गेल्यावर मला बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे. दहा-पंधरा मिनिटं चांगलंच बरं वाटलं. त्यांच्याही शेजारी रिकामं. मग डबा उघडला. तसाच बंद करून मापनखोलीत जाऊन बसलो. तिथे वीस अंश असतं, बाराही महिने.

२३ मार्च, रविवार

धाकटीकडे गेलो. साडू दार उघडून माझ्या तोंडाकडे बघून काय ते समजले असावेत. "मी जरा दुकानात जाऊन येतो," म्हणाले. रविवारी दुकान बंद असतं.

धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्यानेच सांगितलं.

"तो आकडा चुकीचा होता."

"कुठला?"

"सहाचा."

"मग किती आहे?"

"शून्य. सीट बसते."

मला वाटलं ती चिडेल. तिने हातातल्या शर्टाची घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "बसा. मग मलाही एक सांगायचंय. ताईने सांगू नको म्हटलं होतं, पण आता काय."

तिने सांगितलं ते असं. कारखान्यात बाहेरून तपासणी होती तेव्हा दोनदा मला जमलं नव्हतं, म्हणून साडू आणि धाकटी हिला उपचारांना घेऊन गेले होते, करडीतून. हिला पुढे बसवलं होतं. धाकटीने तिला ती चकती दाखवली. ही सगळा रस्ता ती फिरवत बसली होती, फुगव, सोड, फुगव, सोड.

"मी म्हटलं, ताई, भाऊजींना सांगू, बसवून घेतील. तर म्हणाली, अजिबात सांगू नकोस. त्यांनी एवढं वाचून घेतलीय गाडी. हे कळलं तर आख्खी उसकटून बसतील, आणि मग तोंड एवढंसं करून फिरतील घरात. मला टॉवेल चालतो. वर म्हणाली, वळणावर टॉवेल सरकला की हे लगेच विचारतात, हळू घेऊ का. तुझ्या गाडीत मला कोण विचारणार?"

मी खिडकीकडे बघत होतो. समोरच्या घरात कोणीतरी जिना पुसत होतं.

"एक विचारतो," मी म्हणालो. "गाडी घेतली तेव्हा. तिला करडीच हवी होती का?"

"आवडली होती. खोटं कशाला सांगू? दोन दिवस बोलत होती त्या गाडीबद्दल. तिसऱ्या दिवशी पडद्यांचं कापड बघायला घेऊन गेली मला. मग विषयच नाही निघाला."

"दोन दिवस."

"दोनच."

घरी आलो. हे ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण जास्त वेळ मनात हेच येत राहिलं की हिने ही गोष्ट मला न सांगता बहिणीला सांगितली. दोघींनी मिळून ती माझ्यापासून सांभाळली, आणि ही गेल्यावरही धाकटीने एकटीने सांभाळली. माझ्याकडे हिची अशी एकही गोष्ट नाही जी धाकटीला माहीत नाही. आठवून बघितलं. सापडली नाही.

६ एप्रिल, रविवार

साडूंच्या अंगणात सीटा बदलल्या. मेकॅनिकला बोलावलं नाही.

साडूंनी सकाळपासून बाह्या वर केल्या होत्या, पण पाना कसा धरायचा हे त्यांना माहीत नाही. दोनदा उलटा फिरवून बोल्ट आवळला. "बरोबर बाजूला फिरवतोय ना?" विचारत होते. मी म्हटलं, तुम्ही फक्त बोल्ट वाटीत ठेवा. मग ते वाटी घेऊन उभे राहिले आणि धाकटीला म्हणाले, "बघ, एवढं दुकान चालवतो, इथे वाटी धरायचं काम." धाकटी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण साडू लगेच आणखी एक विनोद करायला गेले आणि तो फसला.

आमची सीट उचलली तेव्हा खाली दोन गोळ्यांची रिकामी पाकिटं, दवाखान्याच्या वाहनतळाची एक पावती आणि एक कंगवा निघाला. तपकिरी, एक दात मोडलेला. धाकटीने तो बघितला. मीही बघितला. दोघंही वाकलो नाही. शेवटी साडूंनीच उचलला, पँटला पुसला आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातला. मला त्यांच्याकडे बघता आलं नाही.

चारही बोल्ट बोटांनी आत गेले. पाना नंतर लावला. खालच्या वायरीची खटकीही बसली. मी खाच हलू दिली नव्हती. धाकटी बसली, पाठ टेकली, डोळे मिटले. पायाने रूळ चाचपला नाही, काही नाही. साडू दुसऱ्या बाजूने जाऊन चाकामागे बसले. गाडी चालू केली नाही. दोघं तशीच बसली होती. मी हत्यारं आवरली आणि निघालो.

गल्लीच्या तोंडाशी आलो तर गाडी वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग. समोर लाल दिवा, पट्टा न लावलेल्या माणसाचा. माझा पट्टा लावलेला होता. बाजूला कोणी नाही. वाटलं, हत्यारांची पिशवी सीटवर असेल, पण ती मागे होती. थांबून खटकी काढून परत लावली. सीट दाबून बघितली. चकती इकडेतिकडे फिरवली. निघालो की दहा मीटरवर पुन्हा टिंग, टिंग. बाजूच्या स्कूटरवरची बाई काचेतून बघायला लागली.

तसाच अर्धा रस्ता आलो. मग गाडी कडेला घेतली, वाकून पलीकडचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून आणून खाचेत अडकवला. आवाज थांबला.

म्हणजे एक फरक निघाला. नोंद क्र. १७.

१० एप्रिल

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, त्यांच्या सीटखाली वजन ओळखणारी पट्टी असते, तिची भाषा आपल्या गाडीला समजत नाही. सीट रिकामी असली तरी गाडीला वाटतं, कोणीतरी बसलंय. घाबरायचं काही नाही. "आणा उद्या, एक वायर काढायची फक्त. पाच मिनिटांचं काम."

मी म्हटलं, या आठवड्यात जमणार नाही.

सकाळी निघताना आधी तिकडचा पट्टा लावतो, मग माझा.